सात दिवसांची शस्त्रसंधी कशी ठरते आणि का मोडते? सुदानची गोष्ट

२२ मे २०२३, रात्रीचे ९ वाजून ४५ मिनिटं. सुदानची राजधानी खार्टूममध्ये या वेळेला गोळीबार थांबायचा, असं दोन दिवस आधी लाल समुद्राच्या पलीकडे सौदीतल्या जेद्दाह शहरात कागदावर सह्या करून ठरलं होतं. किती दिवसांसाठी? सात. म्हणजे आपल्याकडे गौरी-गणपती असतात तेवढे दिवस. आणि हे सात दिवस मिळवायला अमेरिका आणि सौदी अरेबिया दोघांचे अधिकारी दोन आठवडे दोन्ही बाजूंच्या मागे लागलेले होते.

पेपरात आपण "शस्त्रसंधीची बोलणी फिसकटली" अशी एक ओळ वाचतो आणि पान उलटतो. मीही तेच करायचे. मग मला प्रश्न पडायला लागला की बोलणी म्हणजे नक्की काय बोलतात, कोण कुणाशी बोलतं, माणसं उपाशी मरतायत हे दिसत असताना सात दिवस बंदुका खाली ठेवायला एवढी काय अडचण येते. त्यावर वाचत गेले तसं जे समजलं ते इथे सोपं करून लिहितेय.

आधी भांडण कुणाचं ते थोडक्यात. एका बाजूला सुदानचं लष्कर, त्याचा प्रमुख जनरल अब्देल फताह अल-बुरहान. दुसऱ्या बाजूला आरएसएफ म्हणजे रॅपिड सपोर्ट फोर्सेस नावाचं निमलष्करी दल, त्याचा प्रमुख मोहम्मद हमदान दागालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर भागात ज्या जंजावीद टोळ्यांनी २००३ नंतर गावंच्या गावं जाळली त्यातूनच २०१३ मध्ये हे दल उभं केलं गेलं. २०२१ मध्ये या दोघांनी मिळून नागरी सरकार उलथवलं, आणि मग आरएसएफने लष्करात कधी विलीन व्हायचं यावरून दोघांचं फाटलं, लष्कर म्हणत होतं दोन वर्षांत, आरएसएफ म्हणत होतं दहा वर्षं लागतील. १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला. पहिल्याच दिवशी दारफूरमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाचे, म्हणजे डब्ल्यूएफपीचे, तीन कर्मचारी मारले गेले, म्हणजे धान्य पोचवणाऱ्यांपासूनच सुरुवात झाली. त्यानंतर एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून पळालीत आणि पाच कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात जवळपास निम्म्या लोकांना पुरेसं खायला नाहीये.

आपल्यापैकी काहींना हे युद्ध आठवत असेल ते ऑपरेशन कावेरीमुळे. एप्रिल-मे २०२३ मध्ये भारताने तिथून साधारण ३,८०० माणसं बाहेर काढली, पोर्ट सुदान बंदरातून नौदलाच्या जहाजाने आणि हवाई दलाच्या विमानांनी जेद्दाहला, तिथल्या भारतीय शाळेत मुक्काम, मग पुढे दिल्ली, बंगळुरू, आणि काही विमानं आपल्या मुंबईत उतरली. त्यातली बरीचशी धावपळ ज्या दिवसांत झाली ते दिवस कसे मिळाले होते? २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून ७२ तासांची शस्त्रसंधी ठरली होती, अमेरिकेने मध्ये पडून ठरवलेली. ती पूर्ण पाळली गेली नाही, गोळीबार चालूच होता, पण काही रस्त्यांवर काही तास तरी बसेस हलल्या. म्हणजे मोडकीतोडकी शस्त्रसंधीसुद्धा किती जीव वाचवते ते आपल्याच माणसांनी अनुभवलंय.

आता मुख्य मुद्दा. मानवतावादी शस्त्रसंधी आणि शांतता करार या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. शांतता करारात सत्ता कुणाची, सैन्य कुणाचं, निवडणुका कधी, हे सगळं येतं. मानवतावादी शस्त्रसंधीत यातलं काहीच नसतं. तिथे प्रश्न असे असतात की पाण्याचं पंपिंग स्टेशन दुरुस्त करायला माणसं कधी जाऊ शकतील, हॉस्पिटलच्या आवारातून सैनिक कधी निघणार, धान्याचा ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, त्याला किती नाक्यांवर थांबवणार आणि तिथे कुठला कागद दाखवायचा. भांडण तसंच राहतं, फक्त मधल्यामध्ये अडकलेल्या माणसांना श्वास घ्यायला जागा करायची.

ऐकायला हे सोपं वाटतं आणि म्हणूनच बाहेरच्यांना राग येतो की एवढंही जमत नाही का यांना. पण खोलीत काय होतं बघा. पहिली अडचण तर खोलीत यायचीच असते. दोन्ही बाजू बऱ्याचदा एकमेकांसमोर बसायला तयार नसतात, मग एका हॉटेलात दोन वेगळ्या खोल्या आणि मध्यस्थ या खोलीतून त्या खोलीत निरोप घेऊन फिरतोय अशी बोलणी चालतात. जुलै २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत रमताने लामामरा यांनी जिनिव्हात तेच केलं, दोन्ही शिष्टमंडळांशी वेगवेगळं बोलले. आपल्याकडे सोसायटीत दोन भावांचं बोलणं तुटलं की मधला शेजारी जसा वर-खाली करतो ना, अगदी तसं.

दुसरी अडचण नावाची. तुम्हाला कुठल्या नावाने बोलावलं यावर सगळं अडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने जिनिव्हात मोठी बैठक बोलावली, सौदी, स्वित्झर्लंड, इजिप्त, यूएई, आफ्रिकन युनियन, संयुक्त राष्ट्रं सगळे हजर, आरएसएफचे लोकही पोचले, आणि लष्कर आलंच नाही. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही सुदानचं सरकार आहोत, आम्हाला सरकार म्हणून बोलवा, एका बंडखोर टोळीच्या बरोबरीने "एक पार्टी" म्हणून बसवू नका. आणि आधी जेद्दाहला जे ठरलं ते आरएसएफने पाळावं, लोकांची घरं खाली करावीत. बाहेरून हा मानापमानाचा खेळ वाटेल, पण त्यांच्यासाठी खुर्चीची जागा म्हणजे उद्याच्या सत्तेतला वाटा असतो, एकदा बरोबरीने बसलात की जगाने तुम्हाला बरोबरीचं मानलं. युद्धात जिंकलो आणि तहात हरलो ही भीती प्रत्येक सेनापतीला असतेच. म्हणून जेद्दाहच्या ११ मे २०२३ च्या जाहीरनाम्यात, ज्यात दोघांनी नागरिकांचं रक्षण करायचं मान्य केलं, मुद्दाम एक वाक्य घातलेलं आहे की या सहीमुळे कुणाच्या कायदेशीर किंवा राजकीय दर्जात काहीही फरक पडत नाही. ते वाक्य नसतं तर सह्याच झाल्या नसत्या असं मला वाटतं.

तिसरी अडचण नकाशाची आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. शस्त्रसंधी झाली की जो जिथे उभा आहे तिथे गोठतो. मग जो पुढे सरकतोय त्याला थांबायचं नसतं, आणि जो मागे रेटला जातोय त्याला लगेच थांबायचं असतं. एल फाशरचं उदाहरण घ्या. उत्तर दारफूरची राजधानी, आरएसएफने मे २०२४ च्या सुमारास वेढा घातला. १३ जून २०२४ ला सुरक्षा परिषदेने ठराव केला की वेढा उठवा, उठला नाही. शहराला लागून असलेल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, आणि दुष्काळ हा शब्द तज्ज्ञांची समिती उगाच वापरत नाही, त्याला उपासमारीचे आणि मृत्यूंचे ठरलेले निकष आहेत. २७ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेश यांनी बुरहानना फोन करून सांगितलं की एल फाशरसाठी एक आठवडा थांबा, धान्य आत जाऊ द्या. लष्कर हो म्हणालं, कारण आत अडकलेले त्यांचेच सैनिक होते. आरएसएफने नाही म्हटलं. मग २६ ऑक्टोबर २०२५ ला आरएसएफने शहर घेतलं, त्यानंतर तिथे ज्या कत्तली झाल्या त्याचे रक्ताचे डाग उपग्रहाच्या फोटोंत दिसले असं संशोधकांनी सांगितलं. आणि ६ नोव्हेंबरला, म्हणजे दोन आठवडेही झाले नव्हते, आरएसएफने जाहीर केलं की आम्हाला मानवतावादी शस्त्रसंधी मान्य आहे. आता लष्कर नाही म्हणायला लागलं. तारखा शेजारी ठेवून बघितल्या की कुणाचंही "हो" नुसतं ऐकून भागत नाही, ते कधी आलं तेही बघावं लागतं.

परत जेद्दाहच्या त्या सात दिवसांकडे येऊ. त्या करारात बऱ्याच चांगल्या गोष्टी होत्या, हॉस्पिटलं खाली करा, ट्रकांना वाट द्या, नवी शस्त्रं आणू नका, विमानं हल्ल्यासाठी उडवू नका. देखरेखीला एक बारा जणांची समिती, अमेरिकेचे तीन, सौदीचे तीन, दोन्ही बाजूंचे तीन-तीन. पण ही समिती बसणार होती जेद्दाहमध्ये. खार्टूमच्या कुठल्याही चौकात तिचा एकही माणूस नव्हता. उपग्रहाचे फोटो होते, तक्रारी येत होत्या, आरएसएफ घरं आणि हॉस्पिटलं सोडत नाही असं लष्कर म्हणत होतं, लष्कराचे हवाई हल्ले चालूच आहेत असं आरएसएफ म्हणत होतं, आणि दोन्ही बऱ्याच अंशी खरंच होतं. सात दिवसांवर पाच दिवस वाढवून मिळाले, त्या काळात थोडीफार औषधं-धान्य पोचलं, आणि ३१ मे ला लष्कर बोलण्यांतून बाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेने दोन्ही बाजूंशी संबंधित चार कंपन्यांवर निर्बंध टाकले. पण चौकात उभं राहून "हा ट्रक तुम्ही का अडवलात" असं विचारणारं कुणीच नव्हतं, त्याची भरपाई निर्बंधांनी होत नाही.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणतेय कारण याच सुदानमध्ये शस्त्रसंधी टिकल्याचीही उदाहरणं आहेत, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याबद्दल.

नारू हा रोग आता तरुणांना माहीत नसेल. माझ्या आजीच्या पायावर घोट्याच्या वर एक खोल व्रण होता, ती सांगायची की लहानपणी मराठवाड्यात त्यांच्या गावच्या पायऱ्यांच्या बारवेत सगळे पाण्यात पाय घालून पाणी भरायचे, त्यातून नारू व्हायचा, आणि मग पायातून तो दोऱ्यासारखा लांबच लांब किडा काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा, तुटला तर पाय सडायचा. लस नाही, औषध नाही, उपाय एकच, पाणी वस्त्रगाळ करून प्यायचं आणि ज्याला नारू झालाय त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. गावोगाव फिरून हेच सांगत, विहिरी सुधारत भारताने २००० साली नारूमुक्त देश म्हणून प्रमाणपत्र मिळवलं.

त्या काळात जगात सगळ्यात जास्त नारू उरला होता तो सुदानमध्ये, आणि तिथे खार्टूमचं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांचं आधीचं यादवी युद्ध चालू होतं, जे १९८३ पासून पेटलेलं होतं. गावागावात फिरल्याशिवाय नारू जात नाही आणि गोळ्या चालू असताना गावात फिरता येत नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोन्ही बाजूंना गाठलं आणि राजकारणाचा विषय बाजूला ठेवून एवढंच मागितलं की नारूसाठी थांबा. आधी दोन महिने ठरले, मग वाढत वाढत जवळपास सहा महिने शस्त्रसंधी टिकली. आरोग्य कार्यकर्ते अशा गावांत पोचले जिथे वर्षानुवर्षं कुणी गेलं नव्हतं, पाणी गाळायची फडकी वाटली, मुलांना गोवर-पोलिओच्या लसी दिल्या. आज त्या भागाचा वेगळा देश झालाय, दक्षिण सुदान, आणि तिथे नारूच्या केसेस आता वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात.

हे का जमलं याचा विचार करा. मागणी लहान होती आणि डोळ्यांना दिसणारी होती. नारू दोन्हीकडच्या माणसांना होत होता, त्यामुळे हो म्हणण्यात कुणाचा पराभव नव्हता. कार्टर आता सत्तेत नव्हते, त्यांच्याशी बोलल्याने कुणाला मान्यता मिळाली असं होत नव्हतं. नाहीतर "सर्व शत्रुत्व थांबवा" असं कुणी म्हटलं की प्रत्येक सेनापती वकिलासारखा त्याचा अर्थ काढायला बसतो.

दुसरं उदाहरण नुबा डोंगराचं. दक्षिण कोर्दोफान भागातल्या या डोंगरांत त्याच आधीच्या यादवी युद्धात लोक वर्षानुवर्षं मदतीपासून तोडलेले होते. जानेवारी २००२ मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेने मध्यस्थी करून फक्त तेवढ्या भागापुरती सहा महिन्यांची शस्त्रसंधी घडवली. सगळ्या देशाची नाही, तेवढ्या डोंगराची. आणि इथे देखरेखीची समिती परदेशातल्या हॉटेलात बसली नाही, ती डोंगरातच राहिली. छोट्या टीम, त्यात दोन्ही बाजूंचा एकेक अधिकारी आणि एक परदेशी निरीक्षक, एकाच गाडीत, बिनहत्यारी. तक्रार आली की तिघं मिळून जायचे, बघायचे, तिथल्या तिथे मिटवायचे. काल एकमेकांवर गोळ्या झाडणारी माणसं रोज एकाच गाडीतून फिरतायत, एकत्र जेवतायत. दर सहा महिन्यांनी मुदत वाढत गेली आणि जानेवारी २००५ च्या मोठ्या शांतता करारापर्यंत ती टिकली. त्या करारानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना सुदानमध्ये गेली त्यात भारतीय जवानांची मोठी तुकडी होती, हेही सांगायला हवं.

मग आज तसं का होत नाही? एक कारण असं की आज बाहेरचे हात खूप आहेत. यूएई आरएसएफला शस्त्रं पुरवतं असा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालापासून सुदान सरकारपर्यंत अनेकांनी केलाय, यूएई तो नाकारतं. सुदान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेला होता पण मे २०२५ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून प्रकरण काढून टाकलं. इजिप्त लष्कराच्या जवळचा. आणि मध्यस्थी करणाऱ्या चार देशांच्या गटात, ज्याला क्वाड म्हणतात (आपला भारत-जपान-ऑस्ट्रेलिया-अमेरिका वाला क्वाड वेगळा बरं का), अमेरिका आणि सौदीबरोबर हेच इजिप्त आणि यूएई बसलेत. १२ सप्टेंबर २०२५ ला या चौघांनी प्रस्ताव मांडला, आधी तीन महिन्यांची मानवतावादी शस्त्रसंधी, मग कायमची, मग नऊ महिन्यांत नागरी सरकारकडे जायची प्रक्रिया. लष्कर म्हणतं की यूएई मध्यस्थ कसा असू शकतो. त्या आक्षेपात तथ्य आहे असं मला वाटतं, पण हेही खरं की ज्यांच्या हातात शस्त्रांचा नळ आहे त्यांना टेबलावर न बसवता नळ बंद होणार नाही. सुरक्षा परिषदेचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये रमजानपुरती शस्त्रसंधी करा असा ठराव १४ मतांनी पास झाला, रशिया तटस्थ राहिला, आणि रमजान लढाईतच गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरा ठराव आला त्यावर रशियाने नकाराधिकार वापरला.

तरी बोलणी वाया जातात असं अजिबात नाही, आणि इथे अद्रेची गोष्ट सांगायलाच हवी. अद्रे हे चाड देशातलं सीमेवरचं गाव, तिथून पश्चिम दारफूरमध्ये जायचा सगळ्यात सोयीचा रस्ता. लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चाडमधून येणारी मदत थांबवली, म्हणाले या वाटेने आरएसएफला शस्त्रं येतात. पुढे टिने नावाचं उत्तरेकडचं एक नाकं उघडलं, पण पावसाळ्यात तिथल्या कोरड्या नद्यांना पूर आला की ट्रक आठवडेच्या आठवडे चिखलात रुतून बसायचे, आणि इकडे माणसं पालापाचोळा खाऊन दिवस काढत होती. जिनिव्हाच्या ज्या बैठकीला लष्कर आलंच नाही तिथून मध्यस्थ त्यांच्याशी फोनवर बोलत राहिले, आणि १५ ऑगस्ट २०२४ ला लष्कराने अद्रे तीन महिन्यांसाठी उघडायचं मान्य केलं. काही दिवसांत ट्रक आत गेले. पुढे ती मुदत वाढत गेली. जगभरच्या बातम्यांत ती बैठक "अपयशी" म्हणून नोंदली गेली, पण एक नाकं उघडलं आणि त्या नाक्यातून जे धान्य गेलं ते कुणाच्या तरी चुलीवर शिजलं.

नाकं उघडल्यावरही संपत नाही. परदेशी कर्मचाऱ्याला व्हिसा, मग प्रवासाची परवानगी, लष्कराच्या भागात त्यांचा मदत आयोग, आरएसएफच्या भागात त्यांनी काढलेली वेगळी एजन्सी, दोघांचे वेगळे शिक्के. ट्रकांचा रस्ता आणि वेळ दोन्ही बाजूंना आधी कळवायची म्हणजे चुकूनही हल्ला होऊ नये. जून २०२५ मध्ये पंधरा ट्रकांचा एक ताफा पोर्ट सुदानहून निघून १,८०० किलोमीटर चालून एल फाशरच्या अलीकडे अल कोमाला पोचला, सगळ्यांना कळवलेलं होतं, पुढे जायची परवानगी मिळेपर्यंत थांबला होता, आणि तिथेच त्याच्यावर हल्ला झाला. पाच माणसं गेली. ट्रक जळाले. पोचला असता तर वर्षभरात त्या शहरात पोचलेला तो पहिला ताफा असता.

या सगळ्यात ज्यांना कुणी टेबलावर बोलवत नाही ती माणसं म्हणजे सुदानच्या मोहल्ल्यांतले स्वयंसेवक. इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स म्हणतात त्यांना, गल्लीतली पोरं-पोरी, शिक्षक, नर्सेस, जे मोठ्या पातेल्यात फूल म्हणजे घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ किंवा मसुराची आमटी शिजवून शेकडो लोकांना वाढतात. परदेशातले सुदानी नातेवाईक मोबाइलवरून पैसे पाठवतात, त्यावर हे चालतं. ट्रक आला नाही तरी यांची चूल पेटवायचा प्रयत्न चालू असतो, आणि दोन्ही बाजूंचे सैनिक यांना पकडतात, दुसऱ्या बाजूचे हेर म्हणून. २०२५ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आपल्या गल्लीत कुठल्या नाक्यावर कुणाशी बोललं की ट्रक सुटतो हे यांना माहीत असतं, म्हणून पुढच्या बोलण्यांत खुर्च्या मांडताना एक खुर्ची यांच्यासाठी असावी असं मला फार वाटतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दुष्काळाच्या निकषांवर दोन नवी नावं जाहीर झाली. एक एल फाशर. दुसरं कादुग्ली, दक्षिण कोर्दोफानची राजधानी, त्याच नुबा डोंगरातलं शहर, जिथे २००२ मध्ये दोन्ही बाजूंचे अधिकारी एका गाडीत बसून फिरत होते.